सासरे रोजे धरणारच म्हणतात. मग साखर-बीपीच्या गोळ्यांचं काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. सासरे ६४ वर्षांचे, मधुमेह जुना. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी सकाळ-संध्याकाळ, बीपीसाठी टेल्मिसार्टनची 'एच'वाली गोळी सकाळी, थायरॉईडची उठल्याउठल्या, रात्री कोलेस्टेरॉलची आणि अ‍ॅस्पिरिन. रमजानला दीड-दोन महिने आहेत. ते म्हणतात रोजे धरणारच, आणि गोळ्या इफ्तारनंतर (संध्याकाळी रोजा सोडल्यावर) सगळ्या एकदम घेऊन टाकीन. तुम्ही विचारलंय, एवढं चालेल ना?

नाही चालणार. पण म्हणून त्यांचे रोजे होणारच नाहीत असंही नाही. त्यांच्यासारख्या कितीतरी जणांचे नीट होतात. फक्त ते चाँदरातीला (चंद्र दिसतो त्या रात्री) ठरवून होत नाहीत, आत्तापासून ठरवावं लागतं.

मी बडोद्यात दांडिया बाजारापासून जवळच मेडिकल चालवतो. याकूतपुरा, वाडी, फतेहपुऱ्याची गिऱ्हाइकं पुष्कळ, त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी काउंटरवर येतो. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. खाली कुठे 'डोस कमी करतात' असं लिहिलेलं दिसलं तर तो तुम्ही डॉक्टरांना विचारायचा प्रश्न समजा, घरी अमलात आणायची सूचना नव्हे. गोळीची वेळ असो की डोस, त्यांच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिल्याशिवाय काहीही हलवू नका.

एक गंमत सांगतो. आमच्याकडे जैन गिऱ्हाईक चिठ्ठी पुढे करतानाच सांगतं, चौविहार आहे (सूर्यास्तानंतर खाणं-पिणं बंद), रात्रीची गोळी सूर्यास्ताआधी बसेल असं बघा. गुजरातेतल्या डॉक्टरांना याची इतकी सवय आहे की बरेच जण स्वतःहून विचारतात. रोज्याच्या बाबतीत मात्र दोन्हीकडे तोंडाला कुलूप. पेशंटला वाटतं, सांगितलं तर डॉक्टर सरळ 'रोजा धरू नका' म्हणतील, म्हणून तो बोलत नाही. डॉक्टरांना वाटतं, विचारलं तर कुणाच्या धर्मात नाक खुपसल्यासारखं होईल, म्हणून तेही विचारत नाहीत. चिठ्ठीवरचं १-०-१ (सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक) तसंच राहतं, आणि त्यातला पहिला १ ज्या नाश्त्याला टेकून लिहिलाय तो नाश्ता महिनाभर होणारच नसतो. मग माणूस आपापलं गणित मांडतो: कुणी सकाळची गाळतो, कुणी तिन्ही वेळच्या एका घोटात घेतो. मला विचाराल तर रमजानातला खरा धोका उपवासापेक्षा या न बोलण्यात जास्त आहे.

तेव्हा पहिलं काम: या आठवड्यात सासऱ्यांना घेऊन डॉक्टरांकडे जा आणि आत गेल्यागेल्या सांगा, 'रमजानचे रोजे धरायचे आहेत, त्यासाठीच आलोय.' घरातल्या सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून न्या. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची तपासणी) आणि बीपीचे आकडे ताजे असू द्या. गेल्या तीन महिन्यांत साखर इतकी खाली गेली होती का की दुसऱ्या कुणी सावरावं लागलं, हे आठवून सांगा. तसं झालं असेल, किंवा साखर खाली जाताना त्यांना काहीच जाणवत नसेल, किंवा मूत्रपिंडं बरीच निकामी झाली असतील, तर डॉक्टर रोजे न धरण्याचा सल्ला देतील, आणि तो ऐकायला हवा. टाइप १ मधुमेह काबूत नसणाऱ्यांना आणि इन्सुलिन चालू असलेल्या गरोदर बायकांनाही हेच सांगतात.

हे उगाच घाबरवणं नाही. २००१ साली १३ देशांतल्या १२ हजारांहून जास्त मधुमेहींचा 'एपिडायर' नावाचा अभ्यास झाला. टाइप २ च्या लोकांत, हॉस्पिटलात भरती करावं लागेल इतकी साखर खाली जाण्याचं प्रमाण रमजानात इतर महिन्यांच्या साडेसातपट निघालं. आणि इतकी वर जाण्याचं पाचपट. दुसरा आकडा लोक विसरतात. दिवसभर उपास आहे, मग साखर वाढेल कशी? इफ्तारचं शरबत, खजूर, भजी, मग जेवण, आणि दिवसाची गाळलेली गोळी. अशी वाढते.

आता तुमच्या यादीकडे येतो.

सगळ्यात आधी ती एकत्र गोळी. तिच्यात दोन अगदी वेगळ्या स्वभावाची औषधं आहेत. मेटफॉर्मिन एकटं असेल तर साखर सहसा फार खाली नेत नाही. दोन वेळा असेल तर इफ्तारला आणि सेहरीला (पहाटे रोजा सुरू होण्याआधीच्या खाण्याला) विभागून घेता येतं. ग्लिमेपिराइड मात्र पोटात अन्न असो नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. सेहरीला ते पूर्ण घेतलं आणि मग तेरा तास पोटात काही नाही, म्हणजे दुपारी तीन-चारच्या सुमाराला घाम सुटणार. म्हणून साधारण पद्धत अशी की इफ्तारचा डोस तसाच ठेवायचा आणि साखर काबूत असेल तर सेहरीचा कमी करायचा. पण एकत्र गोळीत एकाला कमी करून दुसरं तसंच कसं ठेवणार? आणि यातली बरीचशी मेटफॉर्मिन सावकाश विरघळणारी असतात, स्ट्रिपवर 'एसआर' किंवा 'ईआर' छापलेलं असतं. ती अर्धी मोडायची नाहीत, कुटायची तर नाहीतच. सावकाश सुटायचं औषध एकदम सुटतं. त्यामुळे डॉक्टरांना नेमका हा प्रश्न विचारा: 'सेहरीसाठी वेगळी गोळी लिहून देता का?' कुणी सेहरीला नुसतं मेटफॉर्मिन देतात, कुणी ग्लिमेपिराइड कमी असलेली स्ट्रिप, कुणी महिन्याभरासाठी साखर फारशी खाली न नेणारं सिटाग्लिप्टिन किंवा टेनेलिग्लिप्टिन. निवड त्यांची. तुम्ही फक्त दोन वेगळ्या डब्या करा आणि वर ठसठशीत 'सेहरी', 'इफ्तार' लिहा. पहाटे साडेचारला अर्धवट झोपेत कुणी छापील नाव वाचत बसत नाही.

(पुष्कळ जणांना आपल्या गोळीत ग्लिमेपिराइड आहे हेच माहीत नसतं. 'मी तर साधी मेटफॉर्मिन घेतो' म्हणत जी स्ट्रिप काढतात तिच्यावर बारीक अक्षरात दोन नावं असतात. कुणाच्या जुन्या चिठ्ठीवर ग्लिबेनक्लामाइड असेल तर रमजानाआधी ते बदलण्याबद्दल जरूर विचारा; ते साखर जास्त वेळ आणि जास्त खाली नेतं.)

बीपीच्या गोळीतला 'एच' म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, लघवी वाढवणारं औषध. ते सेहरीला घेतलं तर पाणी पिण्याची मुभा नसतानाच पाणी बाहेर जात राहणार. संध्याकाळपर्यंत चक्कर, पायात गोळे, आणि वयस्क माणूस असेल तर उठताना पडणं. डॉक्टर बहुधा गोळी इफ्तारवर नेतील, किंवा महिनाभर नुसतं टेल्मिसार्टन देतील. आपणहून बंद मात्र करू नका. आणि याच्याशी जोडलेली एक गोष्ट, जी मला काउंटरवर सारखी दिसते: तरावीहनंतर (रमजानातली रात्रीची लांब नमाज) गुडघे दुखतात म्हणून लोक डायक्लोफिनॅक मागायला येतात. टेल्मिसार्टन, लघवीचं औषध आणि वर हे दुखण्याचं औषध, तेही पाणी कमी पडलेल्या शरीरात, हे तिन्ही मिळून मूत्रपिंडांना चांगलाच धक्का देऊ शकतात. सासऱ्यांचे गुडघे दुखले तर साधं पॅरासिटामॉल, आणि नमाज खुर्चीवर बसून. तशी मुभा आहे हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल.

थायरॉईडची गोळी रिकाम्या पोटी लागते, जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी. घरी सेहरीसाठी सगळ्यात आधी तुम्ही उठत असाल. तेव्हाच त्यांना हलवून पाण्याबरोबर गोळी द्या, मग स्वयंपाकाला लागा. ते जमत नसेल तर दुसरा मार्ग रात्री झोपताना, शेवटच्या खाण्यानंतर तीन तासांनी. पण रमजानात रात्री काय काय खाणं चालतं ते आपल्याला ठाऊक आहे, म्हणून मी पहिला मार्ग सुचवतो. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर ती थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब.

कोलेस्टेरॉलची आणि अ‍ॅस्पिरिन रात्रीच्या जेवणानंतर घेतात तशीच. तिथे काही प्रश्न नाही.

सेहरीबद्दल थोडं. रात्री अकराला भरपेट खाऊन 'आता फजरलाच (पहाटेच्या नमाजालाच) उठतो' म्हणणारे असतात. मधुमेह्याने हे अजिबात करू नये. सेहरी होता होईल तो उशिरा आणि इफ्तार वेळ होताच, ही सुन्नतच (पैगंबरांची रीत) आहे, आणि डॉक्टरही अगदी हेच सांगतात. सेहरीला ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, अंडं, दही असलं टिकणारं काहीतरी. इफ्तार ते सेहरी या वेळात पाणी थोडं थोडं करून भरपूर प्यायला लावा. अजानच्या आधी एकदम तीन ग्लास ढोसून काही साधत नाही. बडोद्यात २०१५-१६ साली रमजान जूनमध्ये आला होता तेव्हा रोजा पंधरा तासांच्या घरात जायचा. आता तो दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकत हिवाळ्यात शिरलाय (२०३० साली तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबरात पुन्हा, असा दोनदा लागणार आहे). म्हणजे सध्या रोजा बारा-तेरा तासांचा. दिवसातून दोनदा घ्यायच्या औषधांचं अंतर त्यामुळे आपसूकच जुळतं.

आता त्या दुपारकडे येतो, कारण खरी लढाई तिथे असते. ग्लुकोमीटर घरात हवाच. बोटाला टोचून रक्त तपासल्याने रोजा तुटत नाही, हे बहुतेक सगळे उलेमा (धर्मपंडित) मान्य करतात. तरी सासऱ्यांना शंका असेल तर त्यांच्याच मशिदीतल्या इमामसाहेबांना विचारू द्या. सेहरीआधी, दुपारी बाराच्या सुमाराला, दुपारी चारला, इफ्तारच्या तोंडावर आणि इफ्तारनंतर दोन तासांनी, पहिला आठवडाभर तरी तपासा. मधे कधीही 'कसंतरी होतंय' म्हणाले की लगेच. ७० च्या खाली गेली तर रोजा तोडायचा. ३०० च्या वर गेली तरी तोडायचा. आकडा ठीक दिसत असला पण घाम, थरथर, बोलणं असंबद्ध होणं किंवा विनाकारण चिडचिड असेल तरी तोडायचा, आणि मीटर हाताशी नसेल तर वाट बघू नका. साखर खाली गेली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत तपासणी, आणि मग काहीतरी खायला. बीपी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी कुणाला चालू असेल तर हातांची थरथर आणि छातीतली धडधड झाकली जाते, घाम तेवढा येतो. गुंगी येऊन गिळताच येत नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

'अर्धाच तास राहिलाय आता,' हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. साखर ६५ झाली असताना अर्धा तासही फार असतो. आणि नेमक्या त्याच अर्ध्या तासात घरातले कर्ते पुरुष फळं-खजूर आणायला स्कूटर काढून मांडवीच्या गर्दीत जातात. सासऱ्यांना हे काम महिनाभर देऊ नका. नातवाला पाठवा.

रोजा तोडायची वेळ आली तर त्यांना अपराधी वाटेल, ते मी समजू शकतो. पण मी काय सांगणार, कुराणातच, सूरह बकराच्या १८४-१८५ व्या आयतीत, आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत दिलेली आहे: राहिलेले रोजे इतर दिवसांत पुरे करा, आणि ज्यांना ते झेपणारच नाही त्यांच्यासाठी फिद्या, म्हणजे गरिबाला जेवण. हे सुनेने सांगून उपयोग होत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद घेऊन मौलानांकडे जा, त्यांच्या तोंडून ऐकू द्या. मी असे हट्टी बुजुर्ग पाहिलेत जे मुलाचं, डॉक्टरचं आणि माझं कुणाचंच ऐकत नव्हते, आणि इमामसाहेबांच्या एका वाक्याने सरळ झाले.

गोळ्यांपलीकडच्या उपचारांबद्दल: इन्सुलिनचं इंजेक्शन, डोळ्यांत घालायचे थेंब यांनी रोजा तुटत नाही असं सर्वसाधारण मत आहे. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी, विरघळलेलं गिळलं नाही तर चालते, असं जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९९७ साली ठरावात म्हटलंय. दम्याच्या पंपावर मात्र मतभेद आहेत आणि आपल्याकडचे बरेच मौलाना त्याने रोजा तुटतो असं मानतात. रोजचा पंप दोनदाच असेल तर सेहरी-इफ्तारला बसतो. पण दुपारी धाप लागली तर पंप आधी, कजा रोजा (राहिलेला नंतर भरून काढायचा) नंतर. यात विचार करत बसायला वेळ नसतो.

इन्सुलिन घेणाऱ्या वाचकांसाठी एवढंच, की त्याचे डोस जवळजवळ नेहमीच बदलावे लागतात, आणि मिश्र इन्सुलिनमध्ये तर सकाळ-संध्याकाळची अदलाबदलही होते. ते डॉक्टरांकडून कागदावर आकड्यात लिहून घ्या. डापाग्लिफ्लोझिन (साखर लघवीवाटे बाहेर टाकणारी गोळी) घेत असाल तर ती इफ्तारला, पाणी भरपूर, आणि रमजानच्या तोंडावर ती नव्याने सुरू करू नये. फिटच्या गोळ्या एकही चुकवायची नाही. त्यात जागरणाने फिट येण्याची शक्यता आणखी वाढते. लिथियम (मानसिक आजारावरचं औषध) चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजा धरूच नका, कारण पाणी कमी पडलं की रक्तातलं प्रमाण वाढून विषबाधा होते. टीबीचा कोर्स अर्धवट सोडणारे तर दरवर्षी भेटतात. त्या गोळ्यांना दिवसातून एकदाच आणि रिकामं पोट एवढंच लागतं, सेहरीआधी सहज बसतात. सर्दी-तापासाठी अँटिबायोटिक दिवसातून तीनदा लिहिलं असेल तर दोन डोस जोडून घेऊ नका, एकदा किंवा दोनदाचं औषध देता येईल का ते विचारा. ताप आहे तोवर रोजा नाही धरला तरी चालतो, हे वेगळं.

एक फार चांगली सोय तुमच्या पंचांगातच आहे. शाबानमध्ये, म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्यात, बरेच जण नफिल (ऐच्छिक) रोजे धरतात. डॉक्टरांनी नवीन वेळा आणि डोस लिहून दिले की त्यातले दोन-तीन रोजे सासऱ्यांना तालीम म्हणून धरू द्या, मीटर हाताशी ठेवून. आकडे वहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. दुपारी साखर ८० वर येऊन टेकत असेल तर ते रमजानाआधीच कळेल आणि डोस आणखी हलवता येईल.

शेवटचं, जे चिठ्ठीवर कुणी लिहीत नाही: बदलाचे दोन दिवस. आदल्या दिवशी सकाळी घेतलेली बीपीची गोळी पहिल्या रोज्याला थेट इफ्तारला गेली तर मधे दीड दिवसाच्या आसपास अंतर पडतं. आणि ईदला उलटं होतं: चाँदरातीला इफ्तारबरोबर घेतलेली गोळी, सकाळी शीरखुर्म्याबरोबर सवयीने पुन्हा, म्हणजे दिवसाच्या दोन गोळ्या बारा तासांत. एकत्र गोळीचंही तसंच, सेहरीचा कमी केलेला डोस कधी संपवायचा आणि जुना कधी सुरू करायचा हे ठरलेलं हवं. चंद्र २९ ला दिसेल की ३० ला हे आधी कळत नाही (बोहरी गिऱ्हाइकांचं एक बरं असतं, त्यांचं पंचांग ठरलेलं, तारीख आधीच सांगतात), म्हणून दोन्ही दिवसांचं डॉक्टरांकडून आत्ताच लिहून घ्या: पहिल्या रोज्याच्या आदल्या दिवशी कुठली गोळी किती वाजता, आणि ईदच्या सकाळी कुठली घ्यायची, कुठली नाही. तो कागद फ्रिजवर चिकटवा आणि त्याचा फोटो सासऱ्यांच्या मोबाइलमध्येही टाकून ठेवा, ईदला ते कुणाकडे जेवायला असतील सांगता येत नाही.